एकट्याने सगळी वाद्यं वाजवून रॉक रेकॉर्ड करणं आणि प्रोड्युसर म्हणून काम उभं करणं : बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘सगळी वाद्यं येतात’ म्हणायला रॉकमध्ये किती वाद्यं यायला लागतात?

चार. ड्रम, बेस, गिटार आणि गळा. की-बोर्ड येत असेल तर सोन्याहून पिवळं. आठ-दहा वाद्यं थोडी थोडी वाजवणाऱ्यापेक्षा ज्याचे ड्रम आणि बेस क्लिकवर (मेट्रोनोमच्या टिक-टिकवर) घट्ट बसतात तो जास्त उपयोगाचा. स्टेजवर तीन तास न थकता वाजवावं लागतं. रेकॉर्डिंगला आठ बारचा (आठ आवर्तनांचा) तुकडा पुरतो, पण तो हेडफोनमध्ये शंभरदा ऐकला तरी खटकता कामा नये. ही दोन वेगळी कौशल्यं आहेत. स्टेज गाजवणारे कितीतरी वादक रेकॉर्डिंग सुरू झालं की आखडतात.

प्रोड्युसर म्हणजे पैसे घालणारा ना?

सिनेमात हो. रेकॉर्डच्या जगात टेंपो आणि पट्टी ठरवणारा, कुठलं वाद्य कुठे गप्प बसेल ते सांगणारा आणि ‘हा टेक (एकदा वाजवून घेतलेलं रेकॉर्डिंग) ठेवू, पुढे चला’ असा निर्णय देणारा तो प्रोड्युसर. घोळ इतकाच की १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाचा प्रोड्युसर म्हणजे ते करण्यात पुढाकार आणि जबाबदारी घेणारी व्यक्ती. गाणं तुम्ही घडवलंत पण पुढाकार आणि खर्च दुसऱ्याचा असेल, तर कायद्याच्या नजरेत प्रोड्युसर तो दुसरा ठरू शकतो. काम सुरू करण्याआधी कागद का लागतो, ते यावरून कळावं.

एकट्याने अल्बम करून पुढे करिअर झालेले कोण आहेत?

बरेच. पॉल मॅकार्टनीने १९७० साली स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम बराचसा घरीच, चार ट्रॅकच्या यंत्रावर केला. प्रिन्सने १९७८ च्या पहिल्या अल्बमवर वाद्यं स्वतःच वाजवली. डेव्ह ग्रोलचं उदाहरण शिकण्यासारखं आहे: फू फायटर्सचा १९९५ चा पहिला अल्बम त्याने ऑक्टोबर १९९४ मध्ये सिअ‍ॅटलच्या रॉबर्ट लँग स्टुडिओत साधारण आठवडाभरात वाजवून संपवला, एका गाण्यातली ग्रेग डुलीची गिटार तेवढी पाहुणी. हे ऐकून लोक वेगाला भुलतात. वेग आला कारण माणूस मुळात ड्रमर होता आणि त्यातली बरीच गाणी आधीच डेमो करून पाहिलेली होती.

टॉम शोल्झ जरा निराळा. एमआयटीतून शिकलेला, पोलरॉइडमध्ये नोकरी करणारा इंजिनिअर. बॉस्टन बँडचा १९७६ चा अल्बम त्याने बराचसा तळघरात उभा केला, पण गळ्यासाठी ब्रॅड डेल्पला घेतलं आणि ड्रम स्वतः वाजवण्याचा हट्ट धरला नाही. आमच्या मते नवख्याने कित्ता गिरवायचा तर शोल्झचा.

प्रोड्युसर म्हणून पोट कसं भरतं हे टॉड रंडग्रेनकडे पाहून कळतं. १९७२ च्या डबल अल्बमच्या चारपैकी तीन बाजू त्याने एकट्याने केल्या, आणि पुढे नाव टिकलं ते इतरांचे अल्बम घडवण्यावरही. स्टीव्हन विल्सनने १९८७ मध्ये पॉर्क्युपाइन ट्री एकट्याचाच प्रकल्प म्हणून सुरू केला, आणि आज जुन्या प्रोग्रेसिव्ह रॉक अल्बमांचं रीमिक्स हे त्याचं वेगळं, मानाचं काम आहे.

शिकायचा क्रम काय ठेवावा?

आधी ड्रम, मग बेस, मग ऱ्हिदम गिटार, मग गाणं, सगळ्यात शेवटी सोलो. बहुतेक जण बरोबर याच्या उलट जातात. सोलो येतो, पण चार मिनिटं एकसारखा आठव्याचा (मात्रेला दोन) डाउनस्ट्रोक येत नाही, आणि रॉक रेकॉर्डमध्ये पहिल्यांदा ऐकू येते ती हीच उणीव.

मी ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवतो. ड्रम किटवर बसता येईल?

हात तयार आहेत, पाय नाहीत. ऑक्टोपॅडवर किक बहुतेक वेळा हाताने वाजते. किटवर तेच काम उजव्या पायाने करायचं. ६० च्या टेंपोवर हाय-हॅट (झांजांची जोडी) आठव्यात, स्नेअर (समोरचा कडक आवाजाचा ड्रम) दोन आणि चारवर, किक एक आणि तीनवर, इथून सुरुवात करा. मग किक दोन मात्रांच्या मध्ये सरकवा. पहिले दीड-दोन महिने रोज अर्धा तास फक्त पायाला द्या.

दुसरी अडचण जोराची. पॅडवर हळू मारलं तरी आवाज तयार मिळतो, म्हणून हाताला सगळीकडे सारखंच मारायची सवय लागते. किटवर असं वाजवलं की हाय-हॅट स्नेअरच्या माइकमध्ये घुसतो आणि मिक्समध्ये काही केल्या निघत नाही. हाय-हॅट हलका, स्नेअर मधोमध आणि ठाम, किक सगळ्यात भक्कम. हा बॅलन्स फेडरवर (मिक्सरच्या सरकपट्टीवर) नाही, हातापायात बसवायचा.

की-बोर्डवाल्यांनी काय सांभाळायचं?

ट्रान्सपोजचं बटण. ते लावून वाजवणाऱ्याला कुठल्याही पट्टीत एकच बोटं माहीत असतात, आणि समोर गिटार आली की कॉर्डचं नाव सांगता येत नाही. बाकी डाव्या हाताने बेस चालवायची सवय असेल तर बेस गिटार लवकर येते.

गणपतीतला बेंजो रॉकमध्ये चालेल का?

चालेल काय, दुसऱ्या कुणाकडे नसलेला आवाज आहे तो. फक्त डिस्टॉर्शन (आवाज फाटका करणारा इफेक्ट) लावण्याआधी ड्रोनच्या (सतत एकच सूर देणाऱ्या) तारांखाली फेल्टची किंवा जाड कापडाची पट्टी सरकवून त्या मुक्या करा. डिस्टॉर्शनमध्ये दोन सूर एकत्र गेले की त्यांच्या बेरीज-वजाबाकीचे नवेच सूर तयार होतात. ड्रोन चालू राहिला तर चाल चिखलात जाते. बेंजोची केबल इंटरफेसच्या (वाद्य आणि माइक लॅपटॉपला जोडणाऱ्या डब्याच्या) इन्स्ट्रुमेंट इनपुटमध्ये लावा, लाइनमध्ये लावली तर वरचा झणका मरतो.

गायक म्हणतो काळी एक, गिटारवाला म्हणतो ई. मेळ कसा घालायचा?

गिटारची मोकळी खालची तार ई म्हणजे पांढरी तीन. रॉकचे रिफ या मोकळ्या तारेवर उभे असतात, म्हणून गिटारवाले ती पट्टी सोडत नाहीत आणि गायकाचा गळा वर ताणला जातो. सगळ्या तारा अर्धा सूर उतरवल्या की खालची तार काळी दोन होते. त्यावर खालची एकटी तार आणखी एक पूर्ण सूर उतरवली की काळी एक, आणि रिफची मोकळी तार तशीच हाताशी राहते. एवढं उतरवल्यावर १० ते ४६ जाडीचा तारांचा संच ढिला पडतो. ११ ते ५४ च्या आसपासचा घ्या आणि ट्रस रॉड (मानेतली सळई), इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवरचा सूर) पुन्हा लावून घ्या. हे न करता फक्त तारा सैल केल्या की पाचव्या फ्रेटच्या वर सगळं बेसूर वाजतं आणि दोष बिचाऱ्या गायकाला लागतो.

घरच्या सेटअपला कमीत कमी काय लागतं?

एकट्याला चार माइक इनपुट पुरतात, कारण एका वेळी चारपेक्षा जास्त माइक फक्त ड्रमला लागतात आणि तेही लागतीलच असं नाही. बेहरिंगर यूएमसी ४०४ एचडीसारखा चार प्रीअ‍ॅम्पचा इंटरफेस, एक किकसाठी माइक, शूर एसएम ५७ एक, कंडेन्सर (बारीक आवाज टिपणारे माइक) दोन, बंद प्रकारचे हेडफोन, दोन मॉनिटर स्पीकर. कंडेन्सरला ४८ व्होल्टचा फँटम (इंटरफेसमधून माइकला जाणारी वीज) लागतो. स्टँड मात्र जड घ्या. बेळगावात उद्यमबागच्या वर्कशॉपमध्ये ओतीव लोखंडाचा गोल बेस आणि पाइप वळवून घेतला तर तो बाजारातल्या हलक्या तिपाईपेक्षा टिकतो आणि ओव्हरहेड (ड्रमच्या वर लावलेला) माइक घेऊन कोसळत नाही.

सेशन (लॅपटॉपवरची गाण्याची रेकॉर्डिंग फाइल) ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर ठेवा. एका मोनो ट्रॅकला मिनिटाला सुमारे ८.६ एमबी लागतात, म्हणजे १२ ट्रॅकच्या चार मिनिटांच्या एका टेकला ४१५ एमबीच्या आसपास. रेकॉर्ड करताना बफर (लॅपटॉप एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) १२८ ठेवला तर एका बाजूचा उशीर साधारण २.७ मिलिसेकंद होतो, तो जाणवत नाही. मिक्स करताना बफर वाढवा.

चार माइकवर ड्रम कसे घ्यायचे?

इंग्लिश इंजिनिअर ग्लिन जॉन्स यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत छोट्या खोलीला सोयीची. पहिला कंडेन्सर स्नेअर आणि टॉमच्या (किकवरच्या छोट्या ड्रमच्या) वर साधारण एक मीटरवर. दुसरा फ्लोअर टॉमच्या बाजूला, कडेपेक्षा वीतभर वर, हाय-हॅटच्या दिशेने तोंड करून. तिसरा किकला, चौथा स्नेअरला.

सगळी मेख पहिल्या दोघांत आहे. स्नेअरच्या मध्यापासून दोन्ही कंडेन्सरचं अंतर तंतोतंत सारखं हवं. एक दोरी घ्या, एक टोक स्नेअरच्या मध्यावर धरा, दुसरं पहिल्या माइकपर्यंत ताणून गाठ मारा आणि त्याच गाठीला दुसरा माइक आणा. आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. तेवढा फरक राहिला तर ५०० हर्ट्झ आणि पुढे १५०० वर दोन माइक एकमेकांना खोडतात, स्नेअर पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो आणि लोक नवी स्नेअर घ्यायला कोल्हापूरला जातात. माइक लावल्यावर प्रत्येकाची पोलॅरिटी (आवाजाच्या लाटेची वर-खाल दिशा) एकदा उलटी करून पाहा आणि ज्या बाजूला खालच्या सुरांचा भार जास्त ती ठेवा. पॅनिंग (आवाज डावी-उजवीकडे वाटणं) करताना वरचा माइक अर्धा उजवीकडे आणि फ्लोअर टॉमकडचा पूर्ण डावीकडे.

एकटाच असताना रेकॉर्डिंगचा क्रम कसा लावायचा?

आधी क्लिकवर कच्ची गिटार आणि कच्चं गाणं घ्या. गाण्याचे भाग सेशनमध्ये मार्करने नाव देऊन ठेवा. ड्रमवर बसल्यावर किती वेळा ध्रुवपद झालं ते आठवत नाही. मग कच्च्या ट्रॅकवर ड्रम, त्यावर बेस, मग ऱ्हिदम गिटार दोनदा वेगवेगळी वाजवून डावी-उजवीकडे, मग पक्कं गाणं, मग सोलो आणि वरची सजावट. कच्चे ट्रॅक बेस झाल्याबरोबर बंद करा. ते कानाला सवयीचे होतात आणि पुढचे निर्णय त्यांच्याकडे झुकतात.

ड्रमपासून लॅपटॉप लांब असतो. दोन बारचा प्री-रोल (रेकॉर्ड सुरू होण्याआधीचा अवधी) लावा, लॅपटॉपचा वायरलेस की-बोर्ड स्टूलशेजारी ठेवा आणि लूप रेकॉर्डिंगवर तीन-चार टेक सलग घ्या. प्रत्येक टेकनंतर उठून ऐकायला गेलात तर अंग थंड होतं आणि दहाव्या टेकला काही उरत नाही.

सगळं बरोबर वाजलंय, क्लिकवर आहे, तरी गाणं सपाट का वाटतं?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि प्लगइन बदलून तो सुटत नाही.

बँडमध्ये चार माणसांच्या चार खोडी असतात आणि त्या एकमेकांना छेदतात. बेसवाला किंचित मागे, गिटारवाला किंचित पुढे, त्यातून ठेका रुंद होतो. एकच माणूस चारही वाजवतो तेव्हा खोड एकच आणि ती चार थरांत बसते. ध्रुवपदाआधी तुम्ही टेंपोच्या पुढे पळत असाल तर ड्रमवर पळता, बेसवर त्याच ठिकाणी पळता आणि गिटारवरही. दुरुस्तीसाठी सगळं ग्रिडला (लॅपटॉपवरच्या मात्रांच्या रेषांना) चिकटवलं की पळणं जातं, पण रुंदीही जाते. त्यापेक्षा हेतूने वाटणी करा: ड्रम क्लिकवर, बेस वाजवताना क्लिक बंद करून फक्त ड्रम ऐका, गिटार वाजवताना हेडफोनमध्ये बेस मोठा ठेवा. प्रत्येक थर वेगळ्या कशाला तरी धरून वाजला की छोटे फरक आपोआप येतात.

दुसरं कारण जागा. ओळ संपली की जी मोकळी जागा राहते तिथे ड्रमवर रोल सुचतो, बेसवर धाव सुचते, गिटारवर छोटा तुकडा सुचतो, कारण सुचणारं डोकं एकच. चौघं एकाच फटीत घुसतात. कागदावर गाण्याचे भाग लिहा आणि प्रत्येक फटीपुढे एकाच वाद्याचं नाव लिहा. बाकीच्यांनी तिथे साधं वाजवायचं किंवा थांबायचं.

तिसरं, एकच हात आणि एकच गिटार. डावी-उजवी गिटार एकाच पिकअपवर, त्याच कॉर्डच्या जागेवर वाजवली की दोन न वाटता एक जाड गिटार वाटते. दुसऱ्या वेळी पिकअप बदला, कॉर्ड वरच्या जागेवर धरा किंवा कॅपो लावा. मागच्या गळ्यांचंही तसंच: आपलाच गळा सहा वेळा घेतला तर सहा माणसं होत नाहीत. दोन आपले घ्या, बाकी गल्लीतली पोरं बोलवा, माइकपासून दोन-तीन पावलं मागे उभी करा.

आणि चौथं, ‘नको’ म्हणणारा कोणी नसतो. बँडमध्ये वाईट कल्पना तालमीतच मरते. एकट्याच्या सेशनमध्ये ती मास्टरपर्यंत (शेवटच्या पक्क्या रेकॉर्डिंगपर्यंत) पोहोचते. कच्चं मिक्स दोन माणसांना द्या, त्यातला एक संगीतातला नसावा. ‘कसं वाटलं?’ विचारू नका. सगळे ‘भारीच की’ म्हणतात. ‘कुठल्या मिनिटाला कंटाळा आला तेवढं सांगा’ असं विचारा. दोघांनी एकच मिनिट सांगितलं तर तिथे कात्री लावायची, वाद घालायचा नाही.

दहा बाय बाराची खोली आहे. अंड्यांचे ट्रे लावू का?

नको. आवाज बाहेर जाण्यावर त्यांचा परिणाम होत नाही आणि आतही ते फक्त वरचा चुरचुरीत भाग थोडा खातात.

त्रास खालच्या आवाजाचा असतो. बारा फुटांच्या लांबीत पहिली गुंज (ज्या सुराला खोली स्वतःच घुमते) ४७ हर्ट्झच्या आसपास बसते, दहा फुटांच्या रुंदीत ५६ च्या आसपास. छतही दहा फुटांवर असेल तर दोन गुंजा एकाच जागी येतात. बेसची मोकळी ए तार ५५ हर्ट्झ. म्हणून अशा खोलीत ए वाजला की भिंत हलते आणि शेजारचा सूर गायब होतो, आणि तुम्ही मिक्समध्ये बेस कमी करून बसता. बाहेर गाडीत ऐकलं की बेसच नाही.

उपाय: ४८ किलो घनतेची रॉकवूल, निदान ५० मिलिमीटर जाड, कोपऱ्यांत १०० मिलिमीटर. चार बाय दोन फुटांच्या लाकडी चौकटी, वर सुती कापड, भिंतीपासून दोन इंच सोडून टांगा. आठ चौकटींत खोली बसते: चार कोपऱ्यांत, दोन कानांच्या रेषेत बाजूच्या भिंतींवर, एक डोक्यावर, एक मागे. भरताना हातमोजे आणि मास्क घाला. पैसे नसतील तर कापसाच्या जाड गाद्या कोपऱ्यांत उभ्या करा, त्या खरंच काम करतात. घोंगडी, पडदे फक्त झांजा मऊ करतात.

आवाज बाहेर जाऊ नये हा वेगळाच विषय. त्याला वजन आणि हवेची फट लागते: दुहेरी भिंत, जड दरवाजा, चौकटीला रबर. फोम चिकटवून शेजारी गप्प होत नाहीत.

खानापूरकडं पावसात काम कसं करायचं?

कॅलेंडर पावसाप्रमाणे लावा. जून ते सप्टेंबर पत्रा किंवा कौल असलेल्या घरात माइकने काही शांत घेण्याची आशा सोडा. त्या महिन्यांत गाणी लिहा, बेस आणि गिटार थेट तारेने इंटरफेसमध्ये घ्या. तोच कोरडा (इफेक्ट नसलेला) ट्रॅक दिवाळीनंतर अ‍ॅम्पमधून पुन्हा सोडून माइकने घेता येतो. ड्रम आणि गळा ऑक्टोबरनंतर. गणपतीच्या दिवसांत शहरात कुठेही माइक उघडू नका. चिकोडी-निपाणी पट्ट्यात उसाचा हंगाम सुरू झाला की रात्री ट्रॅक्टरवरची गाणी तुमच्या सोलोत येतात, तिथे रस्त्याकडची खोली टाळलेली बरी.

ओलीचा त्रास वेगळा. गिटारसाठी हवेतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्के चांगली, पावसात ती ८० च्या पुढे जाते. अकूस्टिक गिटारचं पोट फुगतं, तारा वर उठतात, मान वाकते. केसमध्ये सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवा, जेल निळ्याचं गुलाबी झालं की तापवून वाळवा. कंडेन्सर माइकमध्ये ओल शिरली की चुरचुर, फटफट ऐकू येते, म्हणून वापरून झाला की हवाबंद डब्यात. प्लॅस्टिक हेडच्या ड्रमला ओल फारशी लागत नाही, पण हलगी-ढोलकीचं चामडं उतरतं. हलगी घ्यायची असेल तर उन्हाळ्यातच घ्या.

गिटार लावली की घूंऽऽ असा आवाज येतो. माइकमध्ये नाही येत.

आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहा. आवाज गेला तर गुन्हेगार सापडला. नाही गेला तर मीटर घेऊन सॉकेटमध्ये अर्थ आणि न्यूट्रलमधला एसी व्होल्टेज मोजा. दोन-तीन व्होल्टच्या आत असावा. जास्त असेल, किंवा फेज ते अर्थ २३० च्या जवळ येत नसेल, तर अर्थिंग नावापुरतं आहे. बेळगावच्या शहापूर, खडेबाजारकडच्या जुन्या घरांत बऱ्याचदा हेच निघतं. परवानाधारक वायरमनकडून नवा अर्थ पिट करून घ्या आणि उन्हाळ्यात त्यात पाणी घाला, माती वाळली की अर्थ जातो.

सगळी यंत्रं एकाच बोर्डावर, एकाच फेजवर ठेवा. चौकोनी वेव्हचा इन्व्हर्टर घूं करणारच. साइन वेव्हचा घ्या. सिंगल कॉइल गिटार असेल तर डिमर, ट्यूबलाइट, मॉनिटरपासून तोंड फिरवून उभे राहा. आणि आवाज जातो म्हणून प्लगची अर्थ पिन कधीही कापू नका. ओल्या फरशीवर, हातात तार आणि ओठाला माइक, अशाने माणसं मेली आहेत.

मिक्स किती मोठा ठेवायचा?

रेकॉर्ड करताना शिखरं उणे १२ ते उणे ६ डीबीच्या दरम्यान. मास्टरला स्पॉटिफाय आणि यूट्यूब साधारण उणे १४ एलयूएफएसपर्यंत (गाणं एकूण किती मोठं वाटतं याचं माप) आवाज खाली ओढतात, अ‍ॅपल उणे १६ पर्यंत. म्हणजे चेचून मोठं केलेलं गाणं तिथे मोठं वाटत नाही, फक्त चेचलेलं वाटतं. ट्रू पीक (आवाजाचं खरं सर्वोच्च शिखर) उणे १ वर थांबवा.

मराठीत गावं, कन्नडमध्ये की इंग्रजीत?

ज्या भाषेत तुम्ही भांडता त्या भाषेत. बेळगावी बोलीतली ‘जाऊलालो’, ‘करूलालो’ ही लांब क्रियापदं ठेक्यावर मस्त बसतात, लाजू नका. प्रोड्युसर म्हणून मात्र दोन्ही भाषा कानाला कळायलाच हव्यात. कन्नड गायकाचा उच्चार चुकला आणि तुम्हाला कळलं नाही, तर पुढचं काम येत नाही.

स्टेजवर एकटा काय करणार?

बँड उभा करणार, दुसरा मार्ग नाही. तीन-चार जण घ्या, उरलेले थर ट्रॅकवर. स्वस्त पद्धत: लॅपटॉपच्या डाव्या चॅनलवर मोनो ट्रॅक, उजव्यावर क्लिक. डावा मिक्सरला, उजवा फक्त ड्रमरच्या कानात. दोन्ही तारांवर रंगीत टेप लावून मोठ्या अक्षरात लिहा, कारण घाईत साउंडवाला दोन्ही तारा मिक्सरला लावतो आणि सगळ्या मैदानाला टिक-टिक ऐकू जाते. मंडपातले साउंड बहुतेक मोनोच असतात, तेव्हा डावी-उजवीकडची करामत घरी ठेवा.

उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा भाग आहे. साउंडचेक दुपारीच उरका. बेळगावात १ नोव्हेंबरला कार्यक्रम ठेवू नका. एकीकडे कन्नड राज्योत्सव, दुसरीकडे मराठी भाषकांचा काळा दिवस, मध्ये बंदोबस्त. तुमचा ड्रम किटचा टेम्पो कुठेतरी अडकणार.

कमाई कशातून होते?

स्ट्रीमिंगमधून नाही, ते आधी मनातून काढा. सीमाभागातल्या प्रोड्युसरचं पोट मिश्र कामांवर चालतं: उत्तर कर्नाटकी जानपद गाणी, मराठी भक्तिगीतं, शाळेचं गीत, दुकानाची जाहिरात, निवडणुकीचं गाणं, शिकवणी, आणि पुण्या-बंगळूरच्या लोकांना घरून वाजवून पाठवलेले ड्रम-गिटारचे ट्रॅक. शिकवणीला ट्रिनिटीच्या रॉक अँड पॉप किंवा आरएसएलच्या परीक्षांचा आधार घेतला की पालकांना हिशेब दिसतो आणि मुलं टिकतात. गोवा चोर्ला घाटापलीकडेच आहे; चांगला ड्रमर किंवा बेसवाला हवा तेव्हा आधी तिकडे बघा.

कामाची अट आधी लिहून घ्या: अर्धे पैसे आगाऊ, दोन दुरुस्त्या धरून, तिसरीपासून वेगळे. निवडणुकीच्या गाण्याचे पूर्ण पैसे आगाऊ, निकालानंतर कोणी फोन उचलत नाही. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की जीएसटी नोंदणी लागते. कंपन्या टीडीएस कापतात, तो विवरणपत्र भरून परत मागता येतो, म्हणून पॅन आणि बिलं नीट ठेवा.

हक्कांचे कागद कोणते?

एका गाण्यात निदान चार हक्क असतात: शब्द, चाल, ध्वनिमुद्रण आणि वादक-गायकांचा हक्क. शब्द आणि चालीचा हक्क हयातभर आणि पुढे ६० वर्षं, ध्वनिमुद्रणाचा प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं, वादक-गायकांचा ५० वर्षं.

गाणं झालं त्याच दिवशी एका कागदावर कोणाचे शब्द, कोणाची चाल, किती टक्के, मास्टर कोणाचा, एवढं लिहून सह्या घ्या. हक्क देताना मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर भारत. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा लिहून दिला तरी जात नाही, तो वारस किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. ‘सगळे हक्क कायमचे’ असं छापलेला करार समोर आला तर हे आठवा.

शब्द-चालीच्या रॉयल्टीसाठी आयपीआरएस या कॉपीराइट सोसायटीचं सदस्यत्व, गायक-वादकांसाठी इसाम्रा ही सोसायटी. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला १२ अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक लागतो, तो बहुतेक वेळा डिस्ट्रिब्युटर (गाणं स्पॉटिफायसारख्या ठिकाणी पोहोचवणारी कंपनी) देतो. मास्टर दुसऱ्या डिस्ट्रिब्युटरकडे नेताना तोच क्रमांक न्या, नवा घेतलात तर आधीचे ऐकणारे मोजणीतून तुटतात.

स्टुडिओचा फलक मराठीत लावता येतो?

मराठी ठेवता येतं, पण कर्नाटकच्या २०२४ च्या दुरुस्तीप्रमाणे व्यावसायिक फलकावर निदान ६० टक्के कन्नड लागतं. रंगवायच्या आधी मोजमाप करून घ्या. महापालिकेचा व्यवसाय परवानाही काढा.

जुनं सेशन दोन वर्षांनी उघडलं, अर्धे आवाज गायब. काय करायचं?

आता काही नाही. पुढच्या वेळी गाणं संपलं की प्रत्येक ट्रॅक सुरुवातीच्या शून्यापासून शेवटपर्यंत अखंड वेव्ह फाइल म्हणून काढा, एकदा कोरडा आणि एकदा इफेक्टसकट. फाइलच्या नावात गाणं, टेंपो, पट्टी आणि वाद्य लिहा. बदललेल्या ट्यूनिंगची आणि अ‍ॅम्पच्या बटणांची नोंद एका साध्या मजकूर फाइलमध्ये ठेवा. दोन डिस्कवर प्रत ठेवा आणि त्यातली एक दुसऱ्या घरी. पावसाळ्यात डिस्कही माइकच्याच हवाबंद डब्यात.